पडद्याच्या ऑपरेशनचा हिशेब आठवड्यात मांडू नका

कान-नाक-घसा विभागाच्या ड्रेसिंग रूममध्ये मी सिस्टर आहे. दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा ऑपरेशनने सरळ केलेल्यांचे पॅक (नाकात भरलेल्या पट्ट्या) काढणं, खपल्या साफ करायला डॉक्टरांना मदत करणं, हे माझं रोजचं काम. आठवड्याभराने तपासायला आलेले बहुतेक जण काळजीने विचारतात, "सिस्टर, नाक अजून बंदच आहे, ऑपरेशन फुकट गेलं का?" त्या वेळी आत सूज असते, खपल्या असतात, काहींच्या नाकात स्प्लिंट, म्हणजे पडद्याला आधार देणाऱ्या पातळ पट्ट्याही असतात. त्यावरून काहीच ठरत नाही. खरा फरक कळायला हवा असेल, तर तयारी ऑपरेशनच्या आधी करा.

एका कागदावर पाच गोष्टी लिहा: नाक चोंदणं, नाक अडणं, नाकाने श्वास घ्यायला त्रास, झोपेत त्रास, आणि जिना चढताना किंवा व्यायाम करताना नाकातून हवा कमी पडणं. गेला महिना आठवून प्रत्येकीला ० ते ४ गुण द्या; त्रास जितका जास्त, तितके गुण जास्त. बेरजेला पाचाने गुणलं की शंभरपैकी आकडा मिळतो. डॉक्टर यालाच 'नोज स्कोअर' म्हणतात. तारीख घालून कागद फाईलला लावा, कारण बरं वाटायला लागलं की जुना त्रास नेमका किती होता हे आठवत नाही.

मग नाकाखाली थंडगार स्टीलची ताटली आडवी धरून नाकाने श्वास सोडा. वाफेचे दोन डाग उमटतील. दर वेळी त्याच बाजूचा डाग लहान येतो का, हे वेगवेगळ्या वेळी पाहा. निरोगी नाकातसुद्धा काही तासांनी चोंदलेली बाजू बदलते, त्यामुळे कधी डावी, कधी उजवी बंद होत असेल तर दोष पडद्याचाच असेल असं नाही. गाल नाकापासून हलकेच बाहेर ओढल्यावर श्वास एकदम मोकळा होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. नाकपुडीच्या आतली अरुंद जागा दबत असेल, तर नुसता पडदा सरळ करून भागत नाही.

काय बरं होणार नाही, हेही आधीच विचारून घ्या. पिठाच्या गिरणीत काम करणारे एक काका आमच्याकडे आले होते. त्यांचा स्कोअर ७५ वरून ३० वर आला, रात्रीची झोप सुधारली, पण सकाळच्या शिंका सुटल्या नाहीत. शिंका, खाज, नाक गळणं हा ॲलर्जीचा भाग. त्यासाठी मास्क आणि नाकातला स्प्रे त्यांना चालूच ठेवावा लागला. घोरणं किंवा डोकेदुखी हमखास जाईल म्हणूनही ऑपरेशन करू नका.

श्वासाच्या अडथळ्यासाठी मात्र फायदा खरा आहे. ब्रिटनमध्ये ३७८ जणांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्या गटाचा त्रास फक्त स्प्रे घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे नीट सांभाळा. नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. उशाला दोन उशा घ्या. वाकून फरशी पुसणं, गॅसची टाकी उचलणं घरच्या कुणावर तरी सोपवा. डॉक्टरांनी सांगितलं की मिठाच्या पाण्याने नाक धुवायला लागा: अर्धा लिटर पाणी आधी खळखळून उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात चहाचा पाऊण चमचा मीठ घाला. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका. त्यातला अमीबा मेंदूपर्यंत पोचणं दुर्मीळ आहे, पण जीवघेणं आहे. खपली नखाने तर मुळीच काढू नका. धुण्याने ती मऊ होऊन आपोआप सुटते. वरचे पुढचे दात बधिर वाटले तर घाबरू नका, ते बहुतेकांचं हळूहळू जातं.

ठणका वाढत चालला, दोन्ही बाजू अचानक बंद झाल्या, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पडद्यात रक्त साठलं असेल तर ते लगेच काढावं लागतं, नाहीतर पू होतो, कूर्चा विरघळते आणि नाकाचा कणा खचू शकतो. रक्त थांबत नसेल तरीही वाट पाहू नका. पुढे कधी श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तर पडद्याला भोक पडलंय का ते तपासून घ्या.

तीन महिन्यांनी तोच कागद काढा आणि पुन्हा गुण द्या. सहा महिन्यांनी आणखी एकदा. आकडा उतरला नसेल तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा, दुर्बिणीने तपासायला सांगा आणि नेमकं विचारा: पडदा परत वाकलाय का, आत कुठे चिकटलंय का, बाजूचं टर्बिनेट (नाकाच्या आतल्या भिंतीवरचा उंचवटा) फुगलंय का, की ॲलर्जीचं औषध मध्येच सुटलंय?