टीव्हीचा आवाज डॅकमार्गे अ‍ॅम्प्लिफायरला जोडताना

डॅक म्हणजे टीव्हीच्या डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करून देणारी छोटी पेटी. आधी सगळ्या उपकरणांचे विजेचे प्लग काढा. ऑप्टिकल केबलच्या टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढून (त्या हमखास राहतात!) ती टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून डॅकला ‘टक्’ होईपर्यंत खोचा, काटकोनात मोडू नका. डॅकपासून अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ इनपुटला आरसीए केबल: लाल उजवीकडची, पांढरी डावीकडची. ‘फोनो’ला (रेकॉर्ड प्लेयरसाठीच्या इनपुटला) चुकूनही नको, तिथे सिग्नल कैकपटींनी वाढून आवाज फाटतो.

सगळं जोडूनही शांतता? बहुतेकदा दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो. डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) करा, कारण साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बी स्वरूपात दाबून पाठवलेला आवाज उलगडता येत नाही. अ‍ॅम्प्लिफायर सुरू करायचा सर्वांत शेवटी, बंद करायचा सर्वांत आधी. नाहीतर स्पीकर ‘धप्प’ करतो.