रिफ्रॅक्टरी पिरियड शिकताना या चुका टाळा

रिफ्रॅक्टरी पिरियड म्हणजे एक आवेग (चेतापेशीतला विजेचा संदेश) गेल्यावर दुसरा जातच नाही किंवा सहज जात नाही तो काळ. तो कसा संपतो, यावर परळला फर्स्ट इयरच्या मुलांची फिजिऑलॉजी घेताना दरवर्षी एक उत्तर हमखास ऐकू येतं: "आवेग गेला की सोडियम-पोटॅशियम पंप सगळं पूर्ववत करतो, मग चेतापेशी पुन्हा तयार." साफ चूक. एका आवेगात आत शिरणारं सोडियम इतकं थोडं असतं की जाड तंतूत त्याचं प्रमाण जवळपास बदलतच नाही. व्होल्टेज खाली येतं ते सोडियम चॅनल (पेशीच्या पटलातली सोडियमची दारं) इनॲक्टिव्हेट झाल्यामुळे आणि पोटॅशियम बाहेर पडल्यामुळे. सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणाऱ्या पंपाचं काम सावकाशीचं, दीर्घ पल्ल्याचं.

एका हुशार मुलीला व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "पंप विषाने बंद पाडला तर तंतू किती आवेग देईल?" ती ठामपणे म्हणाली, "एकच." पुढचा प्रश्न आलाच नाही. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड तंतूत पंप थांबवला तरी हजारो आवेग जात राहतात. तिच्या बुद्धीत खोट नव्हती. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर आलेल्या दोन पानी नोट्सनी घात केला. अशा नोट्स मला मुळीच खपत नाहीत.

दुसरी चूक 'क्लोज्ड' आणि 'इनॲक्टिव्हेटेड' एकच समजण्याची. दोन्हींतून सोडियम जात नाही, पण क्लोज्ड चॅनल धक्का मिळताच उघडतं. इनॲक्टिव्हेटेड चॅनल कितीही जोराचा धक्का द्या, हलत नाही. आधी पटलाचं व्होल्टेज -७० मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे विश्रांतीच्या पातळीला, परतावं लागतं. रक्तात पोटॅशियम फार वाढलं की स्नायू लुळे पडतात ते यामुळेच: पटल अर्धवट डीपोलराइझ्ड राहतं (व्होल्टेज विश्रांतीच्या पातळीला परतत नाही) आणि चॅनल इनॲक्टिव्हेटेड अवस्थेत अडकून पडतात. मी मुलांना कोऱ्या कागदावर ॲक्शन पोटेन्शिअलचा (आवेगातल्या व्होल्टेजच्या चढउताराचा) आलेख काढायला लावते आणि प्रत्येक वळणाखाली सोडियम चॅनलची अवस्था लिहून घेते. ते जमेपर्यंत पुढचं पान नाही.

रिलेटिव्ह काळात, म्हणजे नेहमीपेक्षा जोराचा धक्का दिला तरच आवेग जातो तेव्हा, थ्रेशोल्ड (आवेगासाठी लागणारी किमान पातळी) वाढतो त्याला कारणं दोन: काही सोडियम चॅनल अजून सावरलेली नसतात आणि पोटॅशियमची उघडी असतात. अर्धं उत्तर लिहू नका.

चेतातंतूचा ॲब्सोल्यूट काळ (कितीही जोराचा धक्का दिला तरी आवेग जात नाही तो) साधारण १ मिलिसेकंद, हृदयाच्या व्हेंट्रिकलचा सुमारे २५०. आकडे मिसळू नका.

कॉम्प्युटरवरच्या प्रॅक्टिकलमध्ये दुसरा आवेग आला नाही की मुलं लगेच स्टिम्युलसची (धक्क्याची) ताकद वाढवतात. आधी ताकद तीच ठेवून दोन धक्क्यांमधलं अंतर थोडं थोडं वाढवा. ताकदीला हात नंतर लावा.