डीजे व्हायचंय? मग क्लबचा इतिहास उलटा गिरवा

आपल्याकडे 'डीजे लावलाय' म्हटलं की वरातीतला ट्रक आणि त्यावरची स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. या लेखातला डीजे म्हणजे माणूस. हेडफोन एका कानाला लावून तो चालू गाण्याच्या अंगात पुढचं गाणं सोडतो, आणि हे करताना नाचणाऱ्याचा पाय अडखळू देत नाही. हौसेने कंट्रोलर (दोन गाणी मिसळायचं यंत्र) घेतलेली मुलं-मुली बहुतेकदा महिन्याभरात एकाच जागी अडकतात. सिंकचं बटण दाबलं की दोन गाण्यांची लय जुळते, पण ती कशी जुळली ते कानाला कळलेलं नसतं. मग एक दिवस बटण दगा देतं आणि काय करावं ते सुचत नाही.

यावरचा उपाय क्लबच्या इतिहासातच आहे, फक्त तो उलट्या क्रमाने गिरवायचा. आधी जिवंत ड्रमरची डिस्को आली, मग ड्रम मशीनचं हाऊस आणि टेक्नो, आणि त्यानंतर कॉम्प्युटर. शिकताना मात्र सुरुवात मशीनवर बनलेल्या गाण्यांनी करा, कारण त्यांची लय पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभरही हलत नाही. डिस्कोला हात तिसऱ्या महिन्यात लावा.

सामानावर फार वेळ घालवू नका. दोन चॅनलचा कंट्रोलर पुरे. त्यात पुढचं गाणं हेडफोनवर वेगळं ऐकण्याची सोय हवी आणि टेम्पोचा स्लायडर शक्य तितका लांब हवा, कारण आखूड स्लायडर केसभर सरकला तरी लय बरीच बदलते. स्लायडरची मर्यादा सेटिंगमध्ये ८ टक्क्यांवर ठेवा. १९७९मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर तेवढीच होती आणि डीजेंच्या कित्येक पिढ्या त्यावरच तयार झाल्या. गाणी वीसच घ्या, सगळी १२२ ते १२६ बीपीएमच्या (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांच्या) हाऊसमधली. फायली विकतच घ्या, वेव्ह किंवा ३२० केबीपीएसची एमपी३. व्हिडिओवरून उतरवलेल्या फायलींत वरच्या पट्टीतला आवाज बहुधा १६ किलोहर्ट्झच्या आसपास कापलेला असतो. घरी ते जाणवत नाही, पण मोठ्या सिस्टिमवर झांज पत्र्यासारखी वाजते.

पहिला आठवडा: नुसतं मोजा

कंट्रोलर बंद ठेवा. हाऊसमध्ये प्रत्येक ठोक्यावर किक ड्रम, म्हणजे खर्जातला 'ढप', असतो. चार ठोक्यांचा एक बार आणि आठ बारचा, म्हणजे ३२ ठोक्यांचा, एक टप्पा. तबला ऐकत वाढलेल्यांसाठी सोपं करून सांगायचं तर तीनतालाची दोन आवर्तनं. नवं वाद्य येतं, बेस जातो, गायन सुरू होतं ते जवळजवळ नेहमी ३३व्या ठोक्यावर, म्हणजे नव्या समेवर. १२० बीपीएमला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणून ३२ ठोके १६ सेकंदांचे. रस्त्याने चालताना, बसमध्ये, बोटांच्या पेरांवर मोजत राहा. आता सम येणार हे न मोजता कळायला लागलं की हा आठवडा संपला. बीपीएमही एकदा हाताने काढून बघा: १५ सेकंदांतले ठोके मोजा आणि त्याला ४ने गुणा.

गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसत्या तालाचे ३२ किंवा ६४ ठोके मोकळे दिसतील. ही जागा डीजेसाठीच सोडलेली असते, आणि तिचा उगम तबकडीत आहे. सात इंची तबकडीत तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त भरायला गेलं तर खाचा दाटीवाटीने कोराव्या लागतात आणि आवाज पडतो. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टनने नाचासाठी गाणी लांबवायला घेतली आणि ती मोठ्या तबकडीवर कोरून पाहिली. खाचा ऐसपैस झाल्या आणि बेस दणदणीत उमटला. १९७६मध्ये सालसोल कंपनीने डबल एक्स्पोजरचं 'टेन पर्सेंट' बारा इंची तबकडीवर विक्रीला आणलं. त्यात वॉल्टर गिबन्स या डीजेने मूळ तीन मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांच्या वर नेलं होतं. गाण्याच्या दोन्ही टोकांची ती मोकळी जागा तुमची काम करायची जागा आहे.

लय जुळवणं

स्क्रीनवर कागद चिकटवा, सिंक बंद करा. समजा चालू गाणं १२४चं आहे आणि नवं १२२चं. फरक २, त्याला १२२ने भागलं की साधारण १.६ टक्के. स्लायडर तेवढा वर सरकवा. नवं गाणं पहिल्या किकवर आणून थांबवा. हेडफोन एकाच कानावर घ्या, दुसरा कान स्पीकरसाठी मोकळा ठेवा. चालू गाण्याची सम आली की नवं सोडा.

आता नुसतं ऐका. दोन्ही किक बरोबर पडले तर एकच भरीव 'ढप' ऐकू येतो. जरा सरकले की 'ढढप', आणखी सरकले की घोडा दौडल्यासारखं. त्यातला पुढे कोणता आणि मागे कोणता हे ओळखणं सुरुवातीला फार जड जातं. ओळखता येत नसेल तर नवं गाणं मुद्दाम बरंच हळू करा. ते मागे आहे याची खात्री झाली की तिथून हळूहळू वर या.

सगळ्यात जास्त घोळ पुढच्या पायरीवर होतो. नवं गाणं पुढे पळतंय असं कळलं की नवशिका फक्त स्लायडर खाली ओढतो. स्लायडरने वेग बदलतो, पण तोवर पडलेलं अंतर तसंच राहतं. ते भरून काढायला तो स्लायडर आणखी ओढतो आणि मग गाणं मागे पडायला लागतं. म्हणून आधी जॉग व्हीलच्या (कंट्रोलरवरच्या गोल चकतीच्या) कडेला बोट टेकवून गाणं हलकेच अडवा, ठोके एकावर एक आणा, आणि मग स्लायडर किंचित खाली घ्या. पुढचे ३२ ठोके ऐका, लागलं तर पुन्हा तेच करा.

किती अचूक जुळायला हवं याचं साधं गणित आहे. अर्ध्या बीपीएमचा फरक राहिला तर मिनिटाभरात दोन गाणी अर्ध्या ठोक्याने सरकतात, म्हणजे एकाचा किक दुसऱ्याच्या बरोबर मध्ये पडतो आणि नाच मोडतो. ०.१चा फरक राहिला तर त्याच गोंधळाला पाच मिनिटं लागतात. तुमचं मिक्स मिनिटभराचं, तेव्हा ०.१पर्यंत आलात तरी भागतं. रोज अर्धा तास, चार आठवडे. शेवटी ३२ ठोक्यांच्या आत लय जुळायला हवी.

पुढची तबकडी हेडफोनवर ऐकायची, बोटांनी धरून ठेवायची आणि नेमक्या ठोक्यावर सोडायची, ही रीत १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो या डीजेने रुजवली. त्याच्यापुढे स्क्रीन नव्हती आणि गाणी जिवंत ड्रमरची होती.

लय जुळूनही मिक्स चिखलासारखं वाजत असेल तर दोष बेसचा असतो. दोन किक आणि दोन बेस एकाच वेळी वाजले की खालचा आवाज फुगतो आणि मीटर लाल होतो. नव्या गाण्याचं लो नॉब (बेस कमी-जास्त करणारं) पूर्ण खाली ठेवून ते आत आणा. पुढच्या समेला जुन्याचा बेस खाली आणि नव्याचा वर, दोन्ही हात एकदम. लाल दिवा पेटता ठेवून आवाज वाढत नाही, लाटेचे शेंडे कापले जातात आणि ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) जळायची वेळ येते.

तिसरा महिना: डिस्को

आता सिंक चालू करून पाहा. ते गाण्यावर सारख्या अंतराच्या रेघांची जाळी टाकतं आणि त्या रेघा जुळवतं. १९७०च्या दशकातला ड्रमर गाण्याच्या भरात अंतऱ्याला जरा ओढून घेतो, शेवटाकडे जरा वेग घेतो. ११८ला सुरू झालेलं गाणं १२०वर संपू शकतं. जाळी तिथे चुकते आणि सिंक आत्मविश्वासाने चुकीचं मिक्स वाजवतं.

हा ताल नीट ऐकायचा असेल तर फिलाडेल्फियाच्या अर्ल यंगपासून सुरुवात करा. हॅरोल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या १९७३च्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये त्याने प्रत्येक ठोक्यावर किक आणि दोन ठोक्यांच्या मध्ये उघडी हाय-हॅट (झांजेची जोडी) वाजवली. तो 'त्स्स' आजही हाऊसमध्ये त्याच जागी बसलेला आहे. अशी गाणी मिसळताना बोट जॉगवरून काढू नका, मिक्स १६ ठोक्यांत उरका, आणि जिथे नुसते ड्रम वाजतात तीच जागा निवडा. अपवाद आहेत. डोना समरचं १९७७चं 'आय फील लव्ह' सिंथेसायझरच्या सिक्वेन्सवर उभं आहे, त्याची लय हलत नाही.

हीच अडचण शिकागोत फ्रँकी नकल्स या डीजेसमोर होती. १९७७पासून तो वेअरहाऊस या क्लबमध्ये वाजवायचा. नाचायला येणारे बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते, ज्यांना शहरात इतर ठिकाणी मोकळेपणाने नाचणं अवघड होतं. १२ जुलै १९७९ला त्याच शहरातल्या कॉमिस्की पार्क स्टेडियममध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला गेला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. नवा माल आटला तेव्हा नकल्सने जुन्या गाण्यांच्या टेपा कापून-जोडून लांबवल्या आणि त्यांच्याखाली मशीनचा ताल घातला. हाऊस हे नाव त्या वेअरहाऊसवरून आलं असं मानतात. हे तुम्हीही करू शकता: डिस्कोच्या गाण्यातले आठ स्थिर बार शोधा, लूप लावा, म्हणजे तेवढाच तुकडा फिरत राहील, आणि त्या लूपवर हाऊसचं गाणं आणा. लूप स्थिर आहे, तेवढ्यापुरता ड्रमरही मशीन होतो.

मुंबईचा धागाही इथे जोडला जातो. रोलँड टीबी-३०३ हे चंदेरी यंत्र गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून बनलं होतं. ते चाललं नाही आणि स्वस्तात विकलं गेलं. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याचे नॉब वाजता वाजता फिरवले, त्यातून १९८७चं 'ॲसिड ट्रॅक्स' निघालं आणि ॲसिड हाऊस जन्मलं. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२मध्ये, मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या साथीने डिस्को ठेक्यात दहा राग वाजवून तबकडी काढली होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. एकाच यंत्रातून रागाची सलग आवर्तनं आणि शिकागोची किरकिर कशी निघाली, हे ऐकण्यासाठी दोन्ही एका बैठकीत ऐका. मिसळताना लक्षात ठेवा, ३०३चा आवाज मधल्या पट्टीतही भरपूर असतो. अशी दोन गाणी एकत्र असताना बेसबरोबर एकाचा मिडही खाली घ्यावा लागतो.

आणि गोवा. हणजुणेच्या किनाऱ्यावर उन्हात आणि दमटपणात तबकड्या टिकत नसत, म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि पुढे डॅट (डिजिटल) टेप वाजवायचे. डॅटला वेग बदलायचा स्लायडर नव्हता. लय जुळवणं शक्य नसल्यामुळे ठोका नसलेल्या लांब सुरुवाती आणि शेवट यांच्यावरूनच एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं. ही युक्ती आजही लागते. १२४वरून १४०ला जायचं असेल तर स्लायडर ताणू नका. ६ टक्के वेग वाढवला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, आणि की-लॉक लावून तो धरून ठेवला तर आवाज खरबरीत होतो. ठोका विरून जाऊ द्या आणि शांततेतून नवं गाणं उगवू द्या.

बाहेर वाजवण्याआधी

कान परत मिळत नाहीत. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटं, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. संगीतासाठीचे इअरप्लग पहिल्या कमाईतून घ्या. उघड्यावरच्या कार्यक्रमाला ध्वनी प्रदूषण नियम २०००नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद असतो, सवलतीचे मोजके दिवस सोडून. आयोजकाकडे परवानगी आणि संगीत वाजवण्याचे परवाने आहेत का ते आगाऊ विचारा.

गाणी दोन पेनड्राइव्हवर न्या, दोन्ही फॅट३२ फॉरमॅटचे, कारण क्लबमधले बरेच प्लेअर एनटीएफएस वाचत नाहीत. हेडफोनची जाड पिन विसरू नका.

नवख्याला पहिला तास मिळतो, हॉल रिकामा असताना. त्या तासात ११८ ते १२२मध्ये राहा, गायन कमी, बेस जास्त, आवाज एवढा की बारजवळची माणसं बोलू शकतील. रात्रीची मोठी गाणी पुढच्या डीजेसाठी सोडा. तो आला की लांब शेवटाचं गाणं लावा, त्याला किमान दोन मिनिटं मिळतील असं. कोणता चॅनल चालू आहे ते बोटाने दाखवा आणि आपला पेनड्राइव्ह गाणं पूर्ण संपल्यावरच काढा.