पाळी गेल्यानंतर डाग, तपासण्या झाल्या. आता पुढचे दिवस कसे काढायचे?

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी डॉक्टरांना दाखवायचं, हे आता आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या बऱ्याच बायकांना ठाऊक झालंय. तपासण्यांनंतर काय करायचं, हे मात्र कुणी बसवून सांगत नाही. मी त्यातून गेलेय. आतून सोनोग्राफी झाली, गर्भाशयाचं आतलं अस्तर 7 मिमी निघालं, मग दुर्बिणीतून बघून छोटा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, काढला आणि तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला, तरी योनीत जळजळ आणि अधूनमधून डाग चालूच राहिले.

दुर्बिणीनंतर ओटीपोटात पाळीसारखं दुखतं, काही दिवस थोडं रक्त किंवा गुलाबीसर पाणी जातं. त्यानं घाबरू नका. पण ताप आला, घाण वास यायला लागला, गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं किंवा तासाभरात पॅड भिजलं, तर रात्र असली तरी फोन करायचा. ‘एवढ्या रात्री कुणाला उठवायचं’ म्हणून आपण बायका सकाळपर्यंत अंग चोरून पडून राहतो. तसं करू नका.

तुकड्याचा रिपोर्ट यायला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. हे दिवस सगळ्यात वाईट जातात. दवाखान्यातून निघायच्या आधीच विचारून घ्या, रिपोर्ट कधी येईल आणि मला कोण सांगेल. हल्ली तो थेट मोबाइलवर येतो, आणि रात्री अकराला एकटीनं इंग्रजी शब्द वाचत बसायची वेळ येते. मी लेकीला सांगून ठेवलं होतं, आधी डॉक्टरांची वेळ घे, मग दोघी मिळून बघू. एक आकडा मला त्या दिवसांत धरून ठेवायला उपयोगी पडला. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलेल्या 100 बायकांपैकी साधारण 90 जणींना कॅन्सर नसतो. उरलेल्या दहाजणींसाठीच तपासणी टाळायची नसते.

रिपोर्टमधले काही शब्द ओळखीचे असू द्या. ‘अ‍ॅट्रॉफिक’ म्हणजे हार्मोन कमी झाल्यानं अस्तर पातळ, कोरडं झालंय. ‘स्कँटी’ किंवा ‘इनअ‍ॅडिक्वेट’ म्हणजे तुकडा पुरेसा मिळाला नाही. त्याला नॉर्मल समजू नका, वाईटही समजू नका. पुन्हा तपासायचं का, हे स्पष्ट विचारा. ‘हायपरप्लेसिया’ म्हणजे अस्तर जाड झालंय. त्याच्यापुढे ‘अटिपिया’, म्हणजे पेशींचं रूप बिघडलेलं, आहे की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. नसेल तर बहुतेक वेळा हार्मोनची औषधं देऊन काही महिन्यांनी परत तुकडा बघतात. असेल तर शस्त्रक्रियेचा विषय निघतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रिपोर्ट नॉर्मल आला तरी तो त्या दिवसापुरता असतो. सोनोग्राफीत अस्तर 4 मिमी किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता अगदी थोडी, पण पुन्हा रक्त आलं तर पुन्हा दाखवायचं. ‘मागच्या वेळी काही निघालं नव्हतं’ म्हणून घरी बसायचं नाही. पॅप टेस्ट चांगली आली म्हणूनही नाही, ती गर्भाशयाच्या तोंडाची असते, आतल्या अस्तराची नव्हे.

यासाठी मी कालनिर्णयवरच खुणा करते. डागाला टिंब, पॅड लागलं तर गोल, दुखलं तर फुली. शेजारी बारीक अक्षरात, संबंधानंतर का, शौचाला जोर दिल्यावर का, लघवीसोबत का. मूळव्याधीचं किंवा लघवीच्या मार्गाचं रक्तही कधीकधी इथलंच वाटतं, म्हणून पुसलेला कागद एकदा नीट बघा. पुढच्या भेटीला ते पानच सोबत नेलं, आणि डॉक्टरांना मला फार काही विचारावं लागलं नाही.

माझी जळजळ कोरडेपणाची निघाली. डॉक्टरांनी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, आधी रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. फरक दिसायला काही आठवडे गेले, तेवढा धीर धरा. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, टॅमॉक्सिफेन (त्या कॅन्सरवरची गोळी) किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. साबणानं किंवा जंतुनाशकाच्या पाण्यानं आतून धुणं बंद करा, त्यानं आग वाढतेच.

आणि आजूबाजूच्या वहिनी, मावश्या सांगतीलच, ‘काढून टाक की पिशवी, मिटलं एकदाचं!’ प्रेमानंच सांगतात. पण ते मोठं ऑपरेशन आहे. कारण कळल्याशिवाय, फक्त भीतीपोटी हो म्हणू नका. कुठला पर्याय आहे, थांबलं तर काय होईल, हे विचारा, आणि मन मानत नसेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. राजारामपुरीतली फी परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. सकाळी लवकर जा. सोनोग्राफी, तुकड्याचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, शुगर-बीपीचे कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून न्या, म्हणजे झालेल्या तपासण्या परत कराव्या लागणार नाहीत.