आई-बाबांना मुंबई दाखवताना

गावाहून आई-बाबा आले की आपण सुट्टीच्या एकाच दिवसात गेटवे, राणीची बाग, सिद्धिविनायक, जुहू असं सगळं कोंबतो. संध्याकाळी दोघंही गुडघे चोळत बसतात, वर "छान होतं हो" म्हणतात. त्यावर विश्वास ठेवू नका.

दिवसाला एकच भाग घ्या. दक्षिणेकडे जाणारी लोकल अकरानंतरची पकडा आणि चारच्या आत परत फिरा. आईला एकटीला लेडीज डब्यात चढवू नका. उतरायचं स्टेशन कळेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागतो.

घारापुरी बेटावरची लेणी सोमवारी बंद असतात. बाकीच्या दिवशी सकाळची लाँच घ्या, गेटवेहून तासाभरात पोचते. खरी परीक्षा पुढे आहे: धक्क्यापासून छोटी गाडी मिळते, पण नंतर शंभरावर पायऱ्या चढायच्या असतात. बाबा "मला काय झालंय" म्हणणारच. तरी टोपी आणि पाणी बरोबर घ्या, दर वीसेक पायऱ्यांनी फोटोच्या निमित्ताने थांबा. गुडघे अगदीच दुखरे असतील तर राणीची बाग बरी, तिथे बसायला सावली आहे. फक्त बुधवार टाळा.