जत्रेचे पान उघडले आणि मुखपृष्ठ आले

जुन्या वेबसाइटची वेगळी मोबाईल आवृत्ती करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पणजीतील एका लहान कार्यालयात मला जेमतेम आठ महिने झाले होते. गोव्यातील जत्रा-उत्सवांची माहिती देणारी ती मराठी वेबसाइट होती आणि तिची सगळी मांडणी रुंद तक्त्यांत बसवलेली असल्यामुळे फोनवर एक ओळ वाचायलाही पान डावी-उजवीकडे सरकवावे लागे. मूळ साच्याला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून एम-डॉट, म्हणजे ‘m.’ ने सुरू होणाऱ्या, पत्त्यावर दुसरी वेबसाइट उभी करायचे ठरले.

एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलावे, ही रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना इथन मार्कोट यांनी 2010 मध्ये मांडली. नव्याने वेबसाइट करणाऱ्याने तोच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही जुनी यंत्रणा न हलवता करायची कामे येतात आणि ती बहुधा कार्यालयातील सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतात.

पाने तयार करणे मला अवघड गेले नाही. मी फसलो तो रिडायरेक्टमध्ये, म्हणजे एका पत्त्यावर आलेल्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्यात. फोनवरून कोणीही आले की त्याला एम-डॉटच्या मुखपृष्ठावर पाठवावे, एवढाच नियम मी लिहिला होता. माझ्या फोनवर मुख्य पत्ता टाइप केला, मोबाईल आवृत्ती उघडली आणि मी समाधानाने घरी गेलो.

पुढे शिरगावच्या लईराई देवीची जत्रा जवळ आली. होमकुंडाची, म्हणजे निखाऱ्यांवरून चालण्याच्या विधीची, वेळ पाहण्यासाठी धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, आणि त्यांचे नातेवाईक त्या पानाची लिंक व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवू लागले, पण लिंक उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते केवळ मुखपृष्ठ. मागे जाऊन पुन्हा लिंक दाबली तरी तेच. मी मात्र तपासताना दर वेळी मुख्य पत्ताच टाइप करत होतो, त्यामुळे संपूर्ण संध्याकाळ मला चूक दिसलीच नाही. मूळ वेबसाइटवरील प्रत्येक पान मोबाईल आवृत्तीतील त्याच्याच जोडीच्या पानाकडे गेले पाहिजे, आणि जोडीचे पान नसेल तर वाचकाला मूळ पानावरच राहू द्यावे.

नियम सुधारला, तरी तक्रारी थांबल्या नाहीत, कारण मी 301 म्हणजे कायमस्वरूपी रिडायरेक्ट वापरला होता. शोधयंत्राला तोच बरा, असे एका वरिष्ठाने सांगितले होते आणि मी कारण विचारले नव्हते. 301 ब्राउझर लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच जुन्या ठिकाणी नेऊ शकतो. ज्यांनी आधी लिंक उघडली होती, त्यांच्या फोनमध्ये माझी चूक साठून राहिली होती. शेवटी ब्राउझरला पत्ता नवा वाटावा म्हणून लिंकच्या टोकाला प्रश्नचिन्ह आणि एक आकडा जोडून ती नव्याने पाठवावी लागली. अशा कामात 302, म्हणजे तात्पुरता रिडायरेक्ट, वापरावा. तयार ओळ हातात ठेवणाऱ्या गुरूपेक्षा ‘उघडून दाखव’ म्हणणारा गुरू मला आता अधिक मोलाचा वाटतो.

घाबरून जाण्याचे कारण नाही. बाकीची कामे ठरलेली आहेत. दोन्ही पाने एकाच मजकुराची आहेत हे शोधयंत्राला कळावे म्हणून मूळ पानाच्या कोडमध्ये अल्टरनेट टॅगने मोबाईल पत्ता सांगावा आणि मोबाईल पानावर कॅनॉनिकल टॅगने मूळ पत्ता. सर्व्हरच्या उत्तरात, ते कशावरून बदलते हे सांगणाऱ्या व्हेरी हेडरमध्ये युजर-एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची सांगतो ती ओळख, लिहावे, अन्यथा उत्तरांच्या प्रती साठवणारा मधला कॅशे फोनसाठीचे उत्तर संगणकावरील वाचकालाही देऊ शकतो. ‘पूर्ण वेबसाइट’ अशी लिंक द्यावी आणि वाचकाची निवड कुकीत जपावी, नाहीतर ती लिंक त्याला पुन्हा मोबाईल पानावरच आणून सोडते. युजर-एजंटवर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. 2019 च्या आयपॅडओएस 13 पासून आयपॅडचा सफारी स्वतःची ओळख मॅक म्हणून सांगतो.

मोबाईल आवृत्तीतून मजकूर गाळण्याचा मोह टाळावा. मोबाईल पानालाच आधार मानून अनुक्रमणी, म्हणजे शोधासाठी पानांची नोंद, करण्याचे धोरण गूगलने 2016 मध्ये जाहीर केले, म्हणून जे मोबाईल पानावर नाही ते शोधातही नाही. एका बटणात मोबाईल आवृत्ती करून देणाऱ्या साधनांवर माझा राग आहे तो याचमुळे, कारण नेमके काय गाळले ते ती सांगत नाहीत.

आजही काम सोपवण्यापूर्वी मी आतल्या वीस-पंचवीस पानांच्या लिंक व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो आणि त्या तेथूनच एकेक करून उघडतो.