बोटी दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लिहिताय? या चुका टाळा

काका गेले आणि त्यांच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. आयुष्यभर बोटी दुरुस्त केलेला माणूस, आणि मी पहिल्या ड्राफ्टमध्ये काय लिहिलं तर कष्टाळू, मनमिळाऊ, अडीअडचणीला धावून जाणारे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं काम केलेल्या मिस्त्रींना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, हे तर कोणाबद्दलही लिहिता येईल, यात ते कुठायत? खूप लागलं मनाला, पण खरंच होतं ते.

तर पहिली चूक ही, नुसती विशेषणं. त्यापेक्षा एक काम पकडा आणि ते शेवटपर्यंत सांगा. फायबरच्या बोटीला बाहेरून छोटासा तडा दिसतो, गिऱ्हाईकाला वाटतं थोडी पुट्टी भरून होईल, पण काका आधी छोट्या हातोडीने आजूबाजूला ठोकून बघायचे, आवाज बद्द आला की समजायचं आतले थर सुटलेत. मग ग्राइंडरने कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या 12 पट, म्हणजे 5 मिलिमीटर जाडी असेल तर चहूबाजूंनी 60 मिलिमीटर, आणि एवढासा तडा बघता बघता परातीएवढा झालेला बघून गिऱ्हाईक चिडायचं, तरी ते घाई करायचे नाहीत. एवढं लिहिलं की 'सचोटी' हा शब्द लिहावाच लागत नाही.

दुसरी चूक प्रेमापोटी होते, 'ही युक्ती त्यांनीच शोधली' असं लिहून टाकणं. मी जस्ताच्या तुकड्याबद्दल तसंच लिहिलं होतं, तो बोटीच्या तळाला लावतात ना, स्वतः झिजतो आणि बाकीचा धातू वाचवतो तो. ही कल्पना जुनी आहे. 1761 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या 'अलार्म' जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला आणि नंतर बघतात तर लोखंडी खिळे गंजून झिजलेले, आणि पुढे 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं वाचवायला मुद्दामच दुसरा धातू जोडून तो झिजू द्यायचा उपाय सुचवला. काकांचं खरं वैशिष्ट्य वेगळं होतं, कोणी नवा पोरगा उत्साहात त्या जस्तावरच रंग मारायला लागला की त्याच्या हातातला ब्रश काढून घ्यायचे, कारण रंग लागला की जस्त काम करत नाही. हे लिहा, हे फक्त त्यांचं आहे.

सगळ्यात महागात पडते ती तिसरी चूक, वर्कशॉप आधी आवरणं आणि आठवणी नंतर गोळा करणं. प्लीज असं करू नका. काहीही हलवायच्या आधी फोटो काढा, भिंतीवर पेन्सिलने लिहिलेली मापं, पुठ्ठ्याचे फर्मे, डायरी, सगळ्याचे. आमच्याकडे डायऱ्या रद्दीत जाता जाता वाचल्या, आणि त्या नुसती आठवण म्हणून नाही तर अर्धवट राहिलेल्या बोटींसाठीही लागल्या, कारण कुठे इपॉक्सी, म्हणजे जास्त पक्कं चिकटणारं रेझिन, वापरलंय ते तिथेच लिहिलेलं होतं आणि इपॉक्सीवर फायबरच्या कामातलं साधं पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही, पुढच्या कारागिराला ते कळलं नसतं तर काम सुटून आलं असतं.

बाकी गिऱ्हाइकांची नावं विचारल्याशिवाय छापू नका, आणि वर्कशॉप चालू राहणार की बंद होणार हे घरच्यांचं ठरायच्या आधी लिहू नका.

आणि लिहून झालं की सोबत काम केलेल्या माणसाला दाखवाच. मी शेवटी सुरुवात बदलली, एका लाकडी बोटीची रात्र घेतली. बरेच महिने जमिनीवर राहून फळ्या सुकलेल्या, सांधे उघडलेले, आणि मालक म्हणत होता की कडक फिलर भरून टाका, पण तसं केलं तर पाण्यात लाकूड फुगायला जागाच राहत नाही, फळ्यांवर ताण येतो. म्हणून काकांनी सांध्यात कापूस आणि मऊ पुट्टी भरून बोट पाण्यात सोडली, गळणार हे माहीत होतं, आणि सांधे आवळेपर्यंत स्वतः पंपाजवळ बसून राहिले. मिस्त्रींनी हे दोनदा वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली, पंप मोटरचा नव्हता, हाताचा होता, आणि आम्ही दोघं आळीपाळीने मारत होतो.